पूर्वजांची साक्ष

प्राचीन भारतीयांना इतिहासदृष्टीच नव्हती, हा आक्षेप जुनाच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख त्याला पुराव्यानिशी उत्तर देतो. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे त्यात नमूद आहे. ही केवळ मातेने केलेली स्तुती नव्हे. १९०६ साली जोगळटेंभी येथे क्षहरात नहपानाची सुमारे १३ हजार नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपली मुद्रा उमटविलेली आहे. लेखाला नाण्यांनी दुजोरा दिला. इतिहास सिद्ध होतो तो अशा साक्षीपुराव्यांनी, घोषणांनी नव्हे. लेण्यांच्या भिंतींवर स्वतःची नावे कोरणारे ही साक्षच पुसत असतात. पूर्वजांचा गौरव गाणाऱ्यांनी ती जपावी आणि निदान त्यांची ब्राह्मी लिपी वाचावयास शिकावे.