'पूरा नाम' आणि सॉफ्ट स्किल

पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी लखनौच्या अलीगंजात खोली घेऊन राहते. सीतापूर रोडकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली बरीच पोरं या भागात भाड्याने राहतात. खालच्या खोलीतला मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईबाप वीटभट्टीवर, घरातला हा पहिलाच पदवीपर्यंत पोचलेला.

गेल्या महिन्यात त्याच्या कॉलेजात तीन दिवसांचं सॉफ्ट स्किलचं शिबिर झालं. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, स्वतःबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत कसं बोलायचं. याचं बोलून झाल्यावर ट्रेनरने विचारलं, "पूरा नाम बताइए." याने सांगितलं. मग, "पिताजी क्या करते हैं?" तेही सांगितलं. शेरा मिळाला: कॉन्फिडन्स कमी. (आपल्याकडे थेट आडनाव विचारतात, इकडे पूरा नाम. परीक्षा एकच.)

माझं भांडण या शेऱ्याशी आहे, कौशल्यांशी नाही. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्या चौकटीत नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशनने इंजिनिअरिंगच्या पदवीधराला काय काय यायला हवं याची १२ कलमी यादी लावली. त्यात संघात काम करणं आहे, नीतिमत्ता आहे, समाजाचं भान आहे, आयुष्यभर शिकत राहणं आहे. संवाद या कलमात रिपोर्ट वाचता-लिहिता येणं, सादरीकरण करणं, स्पष्ट सूचना देणं आणि घेणं एवढं होतं. टाय नाही, उच्चार नाही, बापाचा धंदा तर नाहीच. हे शिबिरवाल्यांनी आपल्या पदरचं घातलं आहे, आणि ते ज्या घरांत आधीपासून आहे त्यांनाच तिथे पैकीच्या पैकी मार्क मिळतात.

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, त्यातून उचल कापली जाते. चौदाव्या वर्षापासून हा मुलगा बापाच्या वतीने मुनीमाशी हिशोबावरून भांडतोय. याला वाटाघाट म्हणायची की नाही?

पण उगाच गौरवही नको. त्याला रिपोर्ट लिहिता येत नाही, हे खरं आहे. येणार कसा? चार वर्षं प्रॅक्टिकलच्या फायली सीनियरच्या फायलींवरून उतरवल्या, सरांनी सह्या केल्या. ग्रुप प्रोजेक्टमध्ये वेल्डिंगच्या दुकानात खेटे याने घातले आणि स्टेजवर लॅपटॉपवाले, इंग्रजीवाले उभे राहिले. मार्क सगळ्यांना सारखे, सराव मात्र त्यांनाच. कौशल्य तिथे घडायला हवं होतं. फाईल लाल पेनाने परत करून पुन्हा लिहून घ्यायची. कामं आळीपाळीने वाटायची. पहिलं सादरीकरण हिंदीत करू द्यायचं, मग इंग्रजीत. याला शिक्षकाचा वेळ लागतो. शिबिराला नुसतं बिल लागतं.

बाबासाहेबांना बोलण्याचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. १९४६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरायची, तिथे ते स्वतः येऊन बोलत. कायद्यावर, देशाच्या प्रश्नावर उभं राहून वाद घालायला शिकायचं. आमच्या पोरांना आज 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' पाठ करायला लावतात.

आणि पाठ करूनही पुढे काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. २००७ मध्ये तो अभ्यास छापून आला. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. त्या कागदावर ना देहबोली होती, ना कॉन्फिडन्स. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांच्या मुलाखती छापल्या. जात बघत नाही म्हणणारे हे लोक उमेदवाराचं 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र आवर्जून विचारत होते.

सध्या आम्ही दोघं रोज रात्री त्याच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहितोय. तिसरा मसुदा चालू आहे. जोड कुठे तुटला आणि का, हे त्याने या वेळी चार सरळ वाक्यांत लिहिलं. मग वही मिटता मिटता विचारलं, "दीदी, नोकरीच्या फॉर्मवर पूरा नाम लिखूँ या सिर्फ पहला?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. फॉर्मची तारीख सोमवारी संपते.