बारा अक्षरांची मालकी

वाढदिवसाच्या भेटवस्तूंचा आकार गेल्या काही वर्षांत फार लहान झाला आहे. एकेकाळी मुलाच्या हातात क्रिकेटची बॅट, व्यापाराचा डाव किंवा गोष्टीच्या पुस्तकांचा संच पडे. आज मध्यमवर्गीय घरांतही भेट म्हणून पत्त्याच्या पानाएवढा एक पुठ्ठा येतो. त्यावरची रुपेरी पट्टी नाण्याने खरवडली की खाली अक्षरे आणि आकडे दिसतात. प्लेस्टेशनसाठी ती बारा असतात, निन्टेन्डोसाठी सोळा आणि एक्सबॉक्ससाठी पंचवीस. पुष्कळदा पुठ्ठाही नसतो, नुसता मोबाइलवर आलेला संदेश असतो. मुलगा दूरचित्रवाणी संचासमोर बसून ती अक्षरे एकेक करून टिपतो, पडद्यावर आभाराचा मजकूर उमटतो आणि रात्रभरात नवा गेम त्याच्या यंत्रात उतरतो. आईवडिलांना या साऱ्यातून एकच गोष्ट ठळकपणे कळते, ती म्हणजे किंमत. नावाजलेला नवा गेम आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांच्या घरात जातो.

एवढी रक्कम मोजून आपण नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न मात्र घरात सहसा कुणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण हा प्रश्न केवळ मुलांच्या खेळापुरता उरलेला नाही. पुस्तके, गाणी, चित्रपट हे सारे याच वाटेने घरात येऊ लागले आहे.

हुंडी आणि वही

हा व्यवहार कसा चालतो ते आधी पाहू. दुकानात टांगलेल्या कार्डाला स्वतःची काहीच किंमत नसते. गल्ल्यावर पैसे भरले की दुकानातून कंपनीच्या संगणकाला निरोप जातो आणि त्या क्रमांकात जीव येतो. पुढे तो क्रमांक यंत्रावर टिपला की कंपनीचा संगणक काही गोष्टी तपासतो. हा क्रमांक खरा आहे का, त्याचे पैसे भरले आहेत का, तो आधी कुणी वापरला आहे का, आणि ज्या देशासाठी तो काढला त्याच देशातले हे खाते आहे का? सारे जुळले की क्रमांक कायमचा बाद होतो आणि त्याच्या बदल्यात ग्राहकाच्या खात्यावर एक नोंद होते. गेमची प्रत यंत्रात असली, तरी यंत्र बिघडले किंवा नवे घेतले की पुन्हा त्या नोंदीकडेच जावे लागते. आणि ती नोंद ज्या वहीत असते, ती वही कंपनीची असते.

आपल्या पेढीवाल्यांना हा प्रकार नवा वाटला नसता. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत, तसाच हा कोड वटतो. फरक इतकाच की हुंडीच्या व्यवहारात माणसाची ओळख आणि पत पाहिली जाई. इथे ज्याला अक्षरे कळली तो धनी. म्हणूनच भामट्यांना हा कागद फार प्रिय आहे. फोनवरून धाक दाखवायचा आणि दंड म्हणून भेटकार्डांचे क्रमांक वाचून दाखवायला सांगायचे, ही फसवणुकीची रीत अमेरिकेत इतकी बोकाळली की तिथल्या सरकारी यंत्रणांना वारंवार इशारे द्यावे लागले. चोरी बाहेरूनच होते असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्याच एका माजी अभियंत्याने ऑनलाइन दुकानाची चाचणी घेण्याच्या अधिकाराचा गैरवापर करून एक कोटी डॉलरहून अधिक किमतीची भेटकार्डे व तत्सम मूल्य लंपास केले होते. २०२० साली त्याला सिएटलच्या न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली.

सातासमुद्रापलीकडची भेट

या कोडला देशांच्या भिंती आहेत, हे बहुतेकांना पहिल्या फसगतीनंतरच समजते. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा न्यूजर्सीत असतो. त्याने गेल्या दिवाळीत पुण्यातल्या आपल्या आतेभावाला मोठ्या हौसेने पन्नास डॉलरचा कोड पाठवला. इथल्या खात्याने तो नाकारला. तिकडे दुकानाने सांगितले की कोड एकदा दिला की परत घेत नाही. इकडे मदत केंद्राने सांगितले की कोड अमेरिकेचा, खाते भारताचे, तेव्हा इलाज नाही. पन्नास डॉलर कुठेच हरवले नव्हते. ते कंपनीकडे जमा होते. फक्त ज्याच्यासाठी पाठवले त्याला ते मिळू शकत नव्हते. अखेर कोड पाठवणाऱ्यानेच तो स्वतःच्या खात्यावर वटवला आणि भावाला रुपयांत पैसे धाडले. परदेशी मुले-नातवंडे असलेल्या किती मराठी घरांत हा अनुभव आला असेल!

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. प्रत्येक देशातील कर वेगळा, चलन वेगळे, लोकांची ऐपत वेगळी. भारतातली किंमत अमेरिकेपेक्षा कमी ठेवायची तर तिकडच्या गिऱ्हाइकाने इकडून माल उचलू नये अशी सोय त्यांना करावी लागते. पण कुटुंबे देशांच्या सीमा ओलांडून राहतात, माणसे नोकरीसाठी स्थलांतर करतात, याचा विचार या रचनेत नाही. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश तर एकदा नोंदवला की बदलताच येत नाही. बदली होऊन परदेशी गेलेल्या माणसाने नवे खाते उघडावे, म्हणजे नव्याने खरेदी सुरू करावी!

एक डॉलरचे पुस्तक

विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हक्क किती काळ राहतो, या प्रश्नाची एक जुनी कथा आहे. अमेरिकेत बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने आपल्या एका कादंबरीत अशी सूचना छापली होती की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली न्यायालयाने सांगितले की लेखन छापण्याचा हक्क प्रकाशकाचा, पण प्रत एकदा विकली की तिचे पुढे काय करायचे हे तो ठरवू शकत नाही.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके विकणाऱ्या-घेणाऱ्या मुलांना हा निकाल ठाऊक नसतो. तरी त्यामागचे तत्त्व ते रोज आचरणात आणतात. मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्याला, त्याचे शेजारच्या मुलीला, उरले तर अर्ध्या किमतीत दुकानात. गावोगावची वाचनालये याच तत्त्वावर उभी आहेत. गेमची डिस्कही याच रीतीने हातोहाती फिरत असे. कोडने ही साखळी तोडली. वटवलेला कोड धाकट्या भावाला देता येत नाही, मित्राला उसना देता येत नाही, कंटाळा आला म्हणून विकता येत नाही.

हे हळूहळू घडले. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने जाहीर केली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही आठवड्यांतच ती मागे घ्यावी लागली. पण जे हुकमाने साधले नाही ते सोयीने साधले. २०१९ पासून डिस्कची खाचच नसलेली यंत्रे थोडी स्वस्तात मिळू लागली आणि ग्राहकांनी आपखुशीने ती घेतली. २०१९ च्या एप्रिलपासून सोनीने संपूर्ण गेमचे कोड बाहेरच्या दुकानांतून विकणे बंद केले. दुकानांत उरली ती रकमेची कार्डे. यामुळे दुकानांची आपसातली स्पर्धा संपून किमती चढ्या राहिल्या, असा आरोप करणारे दावे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाले.

दुकान बंद झाल्यावर

खरी कसोटी लागते ती दुकान बंद होताना. निन्टेन्डोच्या वी या यंत्राचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. त्याच कंपनीच्या थ्री-डीएस आणि वी-यू या यंत्रांवर २९ ऑगस्ट २०२२ नंतर कार्डाचे पैसे जमा करता येईनासे झाले आणि मार्च २०२३ मध्ये तिथली विक्री थांबली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ ला मिटले. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची मुभा या कंपन्यांनी ठेवली, हे खरे. पण ती किती वर्षे ठेवायची, हे ठरवणाऱ्याही त्याच.

युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या मोटारशर्यतींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. हा गेम त्या सर्व्हरवाचून चालतच नसे. त्यामुळे ज्यांनी कोड घेतला होता त्यांच्याबरोबर ज्यांच्या कपाटात डिस्क होती तेही रिकाम्या हाताने राहिले. तेव्हा डिस्क म्हणजे पक्की मालकी, असाही भ्रम बाळगण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या नव्या यंत्रासाठी तर काही गेमच्या डबीत केवळ ‘किल्ली’ असलेले कार्ड मिळते. गेम उतरवून घ्यायचा तो इंटरनेटवरूनच. मात्र असे कार्ड दुसऱ्याला देता तरी येते.

सभ्यपणे दुकान मिटवण्याचीही उदाहरणे आहेत. गूगलने आपली स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा आपल्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत केले. सोनीने २०२४ साली ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम बाजारात आणून दोन आठवड्यांत मागे घेतला आणि ग्राहकांना रक्कम परत दिली. म्हणजे हे अशक्य नाही. परंतु ते आज कंपनीच्या मर्जीवर आहे, ग्राहकाच्या हक्काचा त्यात भाग नाही.

वस्तू की सेवा?

जगभरच्या न्यायालयांचा सूर एक नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ साली वापरलेल्या संगणक-प्रणालीचा परवाना पुन्हा विकता येतो असा निकाल दिला. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांच्या बाबतीत तशी मोकळीक नाकारली. गेमच्या बाबतीत पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राहक संघटनेची बाजू उचलून धरली, पण वरच्या न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. कॅलिफोर्नियाने निराळा मार्ग धरला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे ऑनलाइन दुकानाला ‘खरेदी करा’ असे लिहायचे असेल, तर हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते. युरोपात, बंद केलेले गेम खेळण्याजोगे ठेवावेत या मागणीच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

आपल्याकडचे चित्र मोठे मासलेवाईक आहे. सीडीवर उतरवून विकलेली तयार संगणक-प्रणाली ही ‘वस्तू’ आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. प्रश्न विक्रीकराचा होता. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यांत इंटरनेटवरून पुरवलेली तीच प्रणाली ‘सेवा’ ठरते. म्हणजे करखात्याने आपला प्रश्न सोडवून घेतला आहे. ग्राहकाचा मात्र लोंबकळत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा उल्लेख केला आणि ‘अनुचित करार’ रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला दिला, ही जमेची बाजू. गरज आहे ती या हत्यारांना धार लावण्याची. न वटलेल्या कोडचे पैसे ठरावीक मुदतीत परत मिळावेत, दुकान मिटवण्याआधी पुरेशी सूचना मिळावी आणि एकट्याने खेळता येणारा गेम सर्व्हर बंद झाल्यावरही चालावा, एवढ्या तीन गोष्टी नियमांत आल्या तरी पुष्कळ साधेल.

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. बनावट सीडींनी एकेकाळी आपला बाजार व्यापला होता. कोडमुळे त्याला मोठा आळा बसला. ज्यांच्याकडे डिस्क छापायला आणि वितरक नेमायला पैसा नाही, असे दोन-चार तरुण आज गेम तयार करून थेट जगाला विकू शकतात. आडगावच्या मुलाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट पाहावी लागत नाही. या सोयी मोलाच्या आहेत आणि त्या सोडाव्यात असे कुणी म्हणत नाही.

तोपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. खाते ज्या देशाचे असेल त्याच देशाचा कोड घ्यावा. तो अधिकृत दुकानातूनच घ्यावा आणि मिळताच वटवावा, साठवून ठेवू नये. कोड वटेपर्यंत पावती जपावी. क्रमांक फोनवर कुणालाही वाचून दाखवू नये. फसवणूक झालीच तर १९३० आणि ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. शिवाय मुलांना एकदा नीट समजावून सांगावे की हा गेम आपल्याला वापरायला मिळाला आहे, कपाटातल्या पुस्तकासारखा तो आपला झालेला नाही. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७० च्या दशकात उभी राहिली, तेव्हा वजन-मापातली फसवणूक उघड होती. काट्यावर शेर कमी भरतो, हे डोळ्यांना दिसत होते. आज काटा दिसत नाही, पण प्रश्न तोच आहे. गिऱ्हाइकाला ‘विकले’ म्हणून सांगायचे आणि वहीत ‘वापरायला दिले’ अशी नोंद करायची, हा प्रकार आपण वाण्याच्या दुकानात एक दिवसही चालवून घेतला नसता.