डार्सीला दाढी आली तर

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) आता मुस्लिम घरांतही नांदू लागली आहे. उझ्मा जलालुद्दीन यांनी 'आयेशा ॲट लास्ट' (२०१८) मध्ये तिला टोरांटोच्या मशिदीजवळ बिऱ्हाड करून दिलं. पुढच्याच वर्षी सोनिया कमाल यांच्या 'अनमॅरिजेबल'ने पाकिस्तानात. यावर नाक मुरडणारे दोन गोष्टी म्हणतात. एक, ही उसनवारी. दुसरी, असल्या गोडगोड कथा मुस्लिम बाईचं खरं दुःख झाकतात.

उसनवारी म्हणणाऱ्यांनी जरा विजापूरकडे बघावं. आपलं बेळगाव ज्या आदिलशाहीत होतं, तिच्याच दरबारी कवीने, नुसरतीने, १६५७ मध्ये दखनीत 'गुलशन-ए-इश्क' रचलं. त्यातली मनोहर-मधुमालतीची प्रेमकथा शंभरेक वर्षांपूर्वी मंझनने अवधीत सांगून ठेवली होती. त्याही आधी निजामीच्या लैला-मजनूला अमीर खुसरोने आपल्या लैला-मजनूने जबाब दिला होता, आणि असा जबाब देता येणं ही फारसी कवीची कसोटीच मानली जाई. आपल्या देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो, 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलिएरचं. ते चालतं. मग उसनवारीचा शिक्का आयेशाच्याच कपाळी का?

दुसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढणारे हमीद दलवाई 'इंधन' या कादंबरीचेही लेखक. ती धार बोथट व्हावी असं कोण म्हणेल? पण मराठी कादंबरीत मुस्लिम मुलगी येते ती बहुधा तलाक, बुरखा नाहीतर दंगल घेऊनच. आलेल्या स्थळाचा बायोडाटा वाचून मैत्रिणीबरोबर खिदळणारी मुलगी कुठे आहे? तिला हसू न देणं हाही एक अन्यायच.

शिवाय या कथा वाटतात तितक्या गोड नाहीत. ऑस्टिनचा नायक डार्सी जलालुद्दीन यांच्याकडे खालिद होतो. दाढी राखतो, पांढरा अंगरखा घालून ऑफिसला जातो, आई ठरवेल त्या मुलीशी लग्न करायला तयार असतो. त्याला पाहताच 'कट्टर' म्हणून निकाल देणारी आयेशा स्वतः हिजाब घालणारी. वाचकही तोच निकाल देऊन बसलेला असतो, आणि तिच्याबरोबर तोही पकडला जातो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि आक्षेपकांना ती दिसलेली नाही. ऑस्टिनच्या कादंबरीत बेनेट घरातल्या मुलींना बापाची इस्टेट मिळायची नाही, म्हणून आईची लग्नाची घाई. सगळी कथा या खुंटीवर टांगलेली. शरियतीत मुलीला, मुलाच्या निम्मा का होईना, वाटा ठरलेला. म्हणजे खुंटीच निखळली! पण आपल्या भागात बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात, हिंदूही आणि मुसलमानही. नवी खुंटी इथेच मिळेल.

बेळगावजवळच्या कडोलीत दर जानेवारीत साहित्य संमेलन भरतं. परिसंवादात सीमाप्रश्न येतो, यावाच. पण घरी दखनी, बाजारात मराठी-कन्नड बोलणारी, हक्कसोडीवर सही न करता प्रेमात पडणारी बेळगावची एखादी मुलगी मराठी कादंबरीत यायला काय हरकत आहे? लिहिणारीने ऑस्टिनकडून घ्यावं, नुसरतीकडून घ्यावं, बिनधास्त घ्यावं. फक्त कागद घेऊन दारात आलेल्या भावाला खलनायक करू नये. त्याच्या डोक्यावरही धाकटीच्या लग्नाचं कर्ज असतं.