वर्गाबाहेरचे वनस्पतिशास्त्र

सदाहरित अरण्याचा धडा शिकवून झाला, विद्यार्थ्यांनी तो उत्तरपत्रिकेत उतरवला, की बहुतेक प्राध्यापकांच्या लेखी ते अरण्य संपते. २०२२ साली दिवंगत झालेले केरळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी ते तेथे संपू दिले नाही. सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडे, पालक्काड जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प होऊ घातला होता. सुमारे ८३० हेक्टर वनभूमी बुडणार होती. या वनाचे जुने नाव सैरंध्रीवन. अज्ञातवासातील द्रौपदीची आठवण लोकमानसाने तेथे जपली आहे. १९७९ साली केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या नियतकालिकातून प्रसाद यांनी या वनाच्या रक्षणाची हाक दिली.

ही निव्वळ निसर्गप्रेमाची उमाळी नव्हती. बुडालेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावू, हा अशा वेळचा नेहमीचा युक्तिवाद वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याच्या गळी उतरणे कठीण. येथील सिंहपुच्छ वानर कुलेनियासारख्या वृक्षांच्या फळांवर जगतो आणि बहुधा झाडांच्या शेंड्यांवरूनच वावरतो; वृक्षांचे सलग छत्र तुटले की त्याची वाटच तुटते. हे नाते रोपवाटिकेत तयार होत नाही. वर्गात जे शास्त्रीय सत्य म्हणून सांगायचे, त्याचाच विध्वंस मुकाट्याने पाहायचा, ही विसंगती प्रामाणिक शिक्षकाला बोचणारच.

मलबारला वीज हवी होती, हेही तितकेच खरे. त्या गरजेकडे पाठ फिरवली असती, तर विकासविरोधी म्हणून प्रसाद यांची बोळवण करणे सोपे होते. परंतु त्याच वर्षी परिषदेने प्रसिद्ध केलेल्या प्रकल्पाच्या चिकित्सेत त्यांच्यासमवेत अभियंते, कृषितज्ज्ञ आणि अर्थतज्ज्ञ होते. केवळ झाडे-प्राणीच नव्हे, प्रकल्पाचे तांत्रिक आणि आर्थिक गणितही त्यांनी तपासले. परिषदेच्या वैचारिक कलाशी ज्यांचे जुळत नाही, त्यांनीही ही शिस्त मान्य केली पाहिजे. वीज मंडळाच्या कामगार संघटना आणि राज्यातील बहुतेक पुढारी प्रकल्पाच्या बाजूने असताना हे बोलणे लोकप्रिय होण्याचा मार्ग खचितच नव्हता.

१९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. तरी पुढे पात्रक्कडवूच्या नावाने, उद्यानाच्या हद्दीबाहेर, त्याच नदीवर धरणाचा नवा प्रस्ताव आलाच. उद्यानाभोवतीच्या संरक्षक पट्ट्याला मान्यता मिळायला २००७ साल उजाडावे लागले.