गाणं तुमचं, पण कागद कोणाच्या नावावर?



बसवनगुडीत संध्याकाळी एखाद्या गल्लीतून चालत गेलात, तर कुठल्या तरी घरातून पुरंदरदासांचं पद कानावर येतंच. शेजारी मराठी घर असेल तर तुकोबांचा अभंग. पंडित भीमसेन जोशींनी कन्नड दासवाणी आणि मराठी अभंग दोन्ही गायले, त्यामुळे इथे दोन्ही घरांची आवड जुळते. आता याच घरांतली मुलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून युट्यूबवर टाकतात. आणि मग एक दिवस नोटिफिकेशन येतं : ‘कॉपीराइट क्लेम’. घरातले सगळे गोंधळतात. "अहो, तुकाराम महाराजांच्या अभंगावर कसला आलाय मालकी हक्क?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आज त्याचंच उत्तर शोधूया.

एका गाण्यात कायद्याच्या नजरेनं किमान तीन गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगळे असू शकतात. शब्द आणि चालीवरचा हक्क ती करणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण लता मंगेशकरांच्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली श्रीनिवास खळे यांच्या. खळेकाका २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. तोच अभंग पारंपरिक वारकरी चालीत म्हणा, काही अडचण नाही. स्वतः नवी चाल लावा, तर ती चाल तुमची! फक्त मागे वाजणारा तयार ट्रॅक कुणाचा आहे ते आधी बघा, कारण ते तिसऱ्याच कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं.

"आम्ही खाली श्रेय दिलंय की!" असं बरेच जण म्हणतात. श्रेय देणं हा चांगुलपणा झाला, ती परवानगी नव्हे. "थोडंसंच वापरलं" हेही नेहमी चालत नाही. आपल्या बेंगळुरूचंच उदाहरण घ्या. ‘केजीएफ : चॅप्टर २’च्या गाण्यांचे हक्क असलेल्या इथल्या एमआरटी म्युझिक कंपनीनं २०२२ मध्ये तक्रार केली, की ‘भारत जोडो’ यात्रेच्या व्हिडिओत आपलं संगीत परवानगीशिवाय वापरलं. ७ नोव्हेंबरला बेंगळुरूच्या न्यायालयानं काँग्रेस पक्षाची आणि यात्रेची ट्विटर खाती बंद ठेवायचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयानं तो आदेश बाजूला सारला, पण तो मजकूर काढून टाकायच्या अटीवर. वाद होता जेमतेम पाऊण मिनिटाच्या क्लिपचा. एवढ्या मोठ्या पक्षाची ही धावपळ, तर आपल्या छोट्या चॅनेलनं सावध राहिलेलं बरं.

आता नोटिफिकेशन आलंच तर घाबरू नका. युट्यूबवर ‘क्लेम’ आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेममध्ये बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र हक्कदाराकडे जातात. स्ट्राइक गंभीर : ९० दिवसांत तीन आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. क्लेम यंत्रानं आपोआप लावलेला असतो आणि यंत्र चुकतंही. चाल खरंच पारंपरिक किंवा तुमची स्वतःची असेल, तर हरकत नोंदवा. त्यासाठी पुरावा हवा : रेकॉर्डिंगची मूळ फाईल, तारीख असलेले मेसेज, हातानं लिहिलेलं नोटेशन. हे सगळं आजपासून जपून ठेवा.

हा झाला दुसऱ्याच्या गाण्याचा प्रश्न. माझ्या मते खरा धोका पुढेच आहे, तो म्हणजे स्वतःचं गाणं गमावण्याचा.

समजा तुमच्या मुलीनं लिहिलेलं, चाल लावलेलं गाणं व्हायरल झालं. एक कंपनी पाच पानांचा करार पाठवते : ‘एकरकमी दहा हजार, सही करा.’ आनंदाच्या भरात सही होते. थांबा! आधी एवढं वाचा.

* हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेलाच लागतो. तोंडी ‘घ्या, वापरा’ यानं मालकी जात नाही.
* करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.
* म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द दिसले की तिथे बोट ठेवून प्रश्न विचारा.

आणखी एक आधार आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यासाठी गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आवाज उठवला होता. आता सिनेमातल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला हक्क कंपनीला देऊन टाकू शकत नाही. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही असंच संरक्षण आहे. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था करते. तुम्ही गीतकार किंवा संगीतकार असाल तर तिचं सभासदत्व घेण्याचा जरूर विचार करा.

कॉपीराइट मिळायला नोंदणी सक्तीची नाही. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की हक्क जन्माला येतो. पण वाद झाला तर नोंदणी हा चांगला पुरावा ठरतो. चालीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाची २,००० रुपये.

बँडचं नाव मात्र कॉपीराइटमध्ये बसत नाही, त्यासाठी ट्रेडमार्क. एका व्यक्तीनं एका वर्गात ऑनलाइन अर्ज केला तर फी ४,५०० रुपये. करमणुकीसाठी वर्ग ४१. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. अर्ज कोणाच्या नावावर, हे चौघांनी मैत्री घट्ट असतानाच लिहून ठेवा. भांडण झाल्यावर नाव कोणाचं हे ठरवणं फार अवघड जातं.

आणि आवाज? एआयमुळे आता आवाजाचीही नक्कल होते. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयानं अशा नकलेविरुद्ध संरक्षण दिलं. नवख्या गायकाला कोर्टाची पायरी परवडेलच असं नाही. म्हणून करारात ‘माझा आवाज एआयला शिकवण्यासाठी वापरता येणार नाही’ अशी एक ओळ आग्रहानं घाला.

सही करण्याआधी वकिलाला एकदा कागद दाखवण्याचा खर्च नंतरच्या खटल्यापेक्षा नेहमीच कमी असतो. तुमच्या घरात कुणी गात असेल, लिहीत असेल, चाली लावत असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा. रियाज त्यांचा त्यांनीच करायचाय. कागद वाचायला मात्र घरच्यांनी सोबत बसायला काहीच हरकत नाही.

भेटूया पुढच्या भागात!