भाकीत खरे ठरले, म्हणून काय झाले?

कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलमध्ये (यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात बरे का!) २०२३ साली टोरांटोच्या संघाने साखळीतील १८ पैकी १६ सामने जिंकले. ग्रे चषक त्याचाच, असे कोणीही म्हटले असते. पण बाद फेरीत माँट्रियलने त्याला ३८-१७ असे हरवले आणि पुढे चषकही पटकावला.

मग भाकीत करणारे मूर्ख होते का? मला तसे वाटत नाही. समजा, प्रत्येक सामना जिंकण्याची टोरांटोची शक्यता ७० टक्के होती. चषकासाठी लागोपाठ दोन सामने जिंकायचे होते. ०.७ × ०.७ म्हणजे ४९ टक्केच!

उलटेही पाहा. त्या बाद फेरीत एकूण पाच सामने होते. ३२ मुलांनी नाणे उडवून विजेते ठरवले, तरी सरासरीने एकाचे पाचही बरोबर येतील. त्याला आपण पंडित म्हणायचे?

भाकीत करणाऱ्याने टक्के सांगावेत आणि सामन्याआधीच वहीत लिहावेत. त्याने ७० टक्के दिलेल्या संघांपैकी दहात सुमारे सात जिंकले, तरच त्याला मानावे. त्यासाठी शंभरेक नोंदी हव्यात. वर्षाला पाच सामने धरले, तर वीस वर्षे!