चार टक्क्यांचा हिशोब



पुण्यातल्या आमच्या वाड्यात तीन जुनी बिऱ्हाडे आहेत. सासऱ्यांना भाडेवाढ मागायची भीड वाटे, म्हणून वर्षानुवर्षे तेच भाडे. यंदा यांनी एकदम तिप्पट भाड्याचा निरोप धाडला आणि खालच्या वहिनींनी माझ्याशी बोलणेच टाकले.

मी कॉमर्सवाली, वही काढली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीचा हक्क आहे. १०० रुपये भाडे दरसाल असे वाढवत नेले, तर २४ वर्षांनी सुमारे २५६ होते. म्हणजे तिप्पट मागणे जास्तच. पण वहिनींचे ‘एक रुपयाही वाढवणार नाही’ हेही बरोबर नाही. ठरलेले भाडे आणि कायद्याने दिलेली वाढ द्यायला भाडेकरू तयार असेल, तर कायदा त्याचे घर राखतो. दोन्ही द्यायला हवे.

तोलमापात कमी-जास्त करणे हा अचौर्य व्रतातला दोष, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हक्कापेक्षा जास्त मागणे आणि दुसऱ्याचा हक्क बुडवणे, मला दोन्ही त्यातलेच वाटते.

माझे मत सरळ आहे. आपल्या भिडेपायी राहिलेली वाढ आता एका दमात वसूल करू नये. आजच्या भाड्यावर ४ टक्के, दरवर्षी लेखी कळवून, पावतीसह घ्यावे. यांना अजून पटलेले नाही. वही मात्र मी वहिनींकडे देऊन आले.